अर्धं बोट बाहेर

टेलरकाकूंनी सकाळपासून तिसऱ्यांदा तो खंड्या पक्षी कापला होता, आणि तिसऱ्यांदा त्याच्याभोवती कागदाची पांढरी किनार उरली होती.

"या कॉम्प्युटरलाच डोळे नाहीत मेले!" त्यांनी माऊस आपटला.

पोहण्याच्या क्लबचे साठ टीशर्ट त्यांनीच शिवले होते. छातीवर छापायचा खंड्याही त्यांनीच कागदावर रंगवला होता, आणि त्याचा फोटो आता कॉम्प्युटरवर होता. पण छापखान्याला तो मागच्या कागदाशिवाय, नेमका कडेकडेने कापलेला हवा होता, तोही पाचच्या आत. नाहीतर छापखानेवाला स्वतःजवळचं कुठलंतरी बदक चिकटवून मोकळा होणार होता. बदक! त्या एका शब्दाने काकूंचं डोकं दुपारपासून उठलं होतं.

सून शेजारी येऊन बसली. "आई, परत करून दाखवा बरं. कडेने एकेक ठिपका ठेवत जा. वळण आलं की ठिपका दाबून ओढा, म्हणजे रेघ वाकते. फेरी पूर्ण झाली की एंटर."

"तेच तर करतेय. मला पाढे शिकवू नकोस."

चोच, मान, पाठ, शेपटी. काकूंनी एंटर दाबला आणि तुटक रेघेच्या मुंग्या पक्ष्याभोवती पळू लागल्या. सून पडद्यावर वाकली.

"आई! पक्ष्याच्या कडेवर एकही ठिपका नाही तुमचा. सगळे अर्धं बोट बाहेर!"

"मग? शिवणीला कापड नको सोडायला?"

सुनेने ओठ घट्ट मिटले, पण खांदे हलायचे ते हललेच.

"याला कुठे शिवायचंय, आई?"

"कळलं. हसू नकोस."

कळलं खरं, पण हाताला कोण सांगणार? तीस वर्षं खडूच्या रेघेबाहेर कात्री चालवलेला हात तो. दर ठिपक्याला बाहेर पळायचा, आणि काकू त्याचा उद्धार करत त्याला आत ओढायच्या. शेपटीपाशी तर त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगटच धरून ठेवलं. पाचला सात मिनिटं कमी असताना मुंग्या पक्ष्याच्या अगदी अंगालगत फिरल्या. सुनेने बाहेरचा कागद पुसून टाकला, चित्र पाठवलं.

छापखान्याचा निरोप लगेच आला : चालेल, हाच छापतो.

सून नाचायचीच काय ती बाकी होती. काकू मात्र चष्मा पुसून पडद्याकडे बघत होत्या.

"इतका कडेला कापलाय," त्या पुटपुटल्या, "पहिल्याच धुण्यात उसवेल बघ."