तोमासाच्या हातची अळंबी

"ओदिलिया, एवढा खंदक ओलांडून दे मला," असं मला म्हणत नाबोर दवाखान्याच्या दारात एक पाय उचलून उभा होता. खंदक म्हणजे दोन फरश्यांमधली फट. त्याच्यामागे त्याची बायको एलोदिया. एका हाताने तिने त्याचा सदरा धरला होता, दुसऱ्या हाताने पातेलं पोटाशी कवटाळलं होतं. उंबऱ्यावरच तिला उलटी झाली, पण पातेलं तिने सांडू दिलं नाही.

"काय खाल्लंत?" डॉक्टर रेनाताने विचारलं. ती शहरातली पोरगी, शिक्षणानंतरचं सक्तीचं सेवेचं वर्ष काढायला आमच्या डोंगरात आलेली. अळंबीचं नाव काढलं की तिचा चेहरा उतरतो.

"बलक," एलोदिया म्हणाली. "मिरची घालून. नेहमीसारखीच केली हो."

बलक म्हणजे आमच्या मालिंचे नावाच्या डोंगरावर पावसाळ्यात येणारी, अंड्यातल्या बलकासारख्या नारिंगी टोपीची अळंबी. तिला एक सवत आहे. सवतीच्या टोपीवर तीळ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके असतात, म्हणून ती तीळवाली. पाऊस जोराचा झाला की तीळ धुऊन जातात आणि सवती जुळ्या बहिणी होऊन बसतात. मग टोपी उलटी करून खालच्या चुण्या बघायच्या. पिवळ्या असल्या तर बलक, पांढऱ्या असल्या तर हात धुऊन घरी जायचं. आमच्याकडच्या मुलींना हे वेणी घालता येण्याच्या आधी येतं.

मी पातेल्यात चमचा घातला आणि एक फोड उलटी केली. चुण्या पांढऱ्याफटक होत्या.

"ती मरणाची पांढरी जात नाही ना?" डॉक्टरने हळूच विचारलं.

"नाही. ती खाल्ली तर माणूस दिवसभर ठणठणीत असतो आणि मग पडतो. ह्यांना तासाभरात लागलंय. तीळवालीच आहे."

तिने दोघांना सलाइन लावली, शहरातल्या रुग्णालयाला फोन केला. तिथून उत्तर आलं की लक्ष ठेवा, उद्यापर्यंत सावरतील. नाबोर छताशी गप्पा मारत होता. तेवढ्यात डॉक्टरने मला नको असलेला प्रश्न विचारला. "घेतली कुणाकडून?"

एलोदियाने डॉक्टरकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "तोमासाकडनं. पण तिची नसणार गं ही, ओदिलिया. तिच्या हातनं असं होईल का? माझ्याच टोपलीत दुसरी कुठली तरी मिसळली असेल."

तोमासा माझी आई. एलोदिया बादलीत तोंड घालून ओकत होती आणि मधल्या वेळात माझ्या आईची बाजू सांभाळत होती.

"म्हणजे आणखी घरांतही गेली असेल," डॉक्टर म्हणाली. "लोक आता दुपारचा स्वयंपाक करत असतील. भोंग्यावरून सांगायला लावा."

ग्रामपंचायत दवाखान्याला लागूनच आहे. भोंगेवाला सिरिलो माईक पुसत म्हणाला, "कुणाकडची म्हणून सांगू?"

मी बावीस वर्षं नर्स आहे. लोकांना वाईट बातम्या सांगताना माझी जीभ कधी अडखळली नाही. तिथे अडखळली.

"बाजारातली, असं म्हण."

"बाजारात अकराजणी बसतात, ओदिलिया."

"सगळ्यांचीच म्हण. आजची अळंबी कुणी खाऊ नका, एवढंच सांग."

त्याने तसं सांगितलं. एका आईच्या नावासाठी मी दहाजणींच्या टोपल्या बुडवल्या, आणि हे मला तेव्हाही पुरतं कळत होतं.

घरी आले तेव्हा आई अंगणात शेंगा सोलत बसली होती. "ऐकलंस?" ती म्हणाली. "कुणीतरी घाण करून ठेवली. हल्लीच्या पोरी वरची टोपी बघतात नि टोपलीत टाकतात. नवरा पण असाच बघून करतात."

बाजूला तिची टोपली होती. तळाशी नेच्याच्या पानांवर तीन अळंब्या राहिल्या होत्या, आमच्या जेवणासाठी. मी एक उचलून उलटी केली. पांढरी.

"आई, ह्याच्या चुण्या कसल्या आहेत?"

"पिवळ्या. कसल्या असणार?"

"आणि माझा हा झगा?"

"तोही पिवळाच. तीन महिने घसा फोडून सांगतेय, कपडे नीट धूत जा म्हणून. नर्सबाई म्हणे!"

ते तीन महिने मी तो पांढराशुभ्र झगा ब्लीचमध्ये भिजवत होते. कोपरावर कापड विरलं, तरी तिचं पालुपद थांबेना. म्हातारपणाची किरकिर म्हणून मी सोडून दिलं होतं. महिन्याला चाळीस म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत मी बॅटरी मारते. मोतीबिंदू पिकत आला की पांढरं पिवळं दिसायला लागतं, हे मला पाठ आहे. पण घरच्या म्हातारीच्या डोळ्यात कोण बघतं? ती बोलत होती आणि मी कपडे धूत होते. त्याची लाज मला अजून वाटते.

मी सगळं सांगितलं. नाबोर, एलोदिया, डोळे. आईने अळंबी हातात घेतली, नाकाशी नेली, अंगठा चुण्यांवरून फिरवला.

"मग भोंग्यावर माझं नाव का नाही घेतलंस?"

"आई, अगं…"

"बाजारातली म्हटलं की लोक बाकीच्यांची टाकतील नि माझी तेवढी ठेवतील. एवढंही डोक्यात आलं नाही तुझ्या? माझी आहे म्हणून निवांत चुलीवर चढवतील!"

नव्हतं आलं. तिला झाकायच्या नादात मला तेवढं सुचलंच नव्हतं.

तिने शाल ओढली. "चार ढीग विकलेत. एक नाबोरचा. एक गिरणीवालीकडं, एक मास्तरणीकडं, आणि एक कोमाद्रे फिदेंसियाकडं."

"तू बस. मी पळत जाऊन येते."

"विकलं मी, मागणार पण मीच. तू हात धर, उतार आहे."

गिरणीवालीने तिची अळंबी निमूट परत दिली. मास्तरणीने टाकूनच दिली होती; ती बाहेरगावची, आईच्या नावापेक्षा भोंग्यावर तिचा विश्वास. वाटेत चर्चच्या पायऱ्यांशी त्या दहाजणी टोपल्या झाकून उभ्या होत्या. आई त्यांच्यासमोर थांबली आणि म्हणाली, "माझी होती. तुमची नाही. सिरिलोला जाऊन सांगा, माझं नाव घेऊन पुन्हा बोल म्हणावं." एकीने क्रॉसची खूण केली.

फिदेंसियाच्या घरी पोचलो तेव्हा चुलीवर पातेलं होतं आणि तिची पोटुशी सून वाडगा घेऊन बसली होती. फिदेंसिया माझी माद्रिना, बाप्तिस्म्याच्या वेळी तिने मला हातात घेतलेलं. तेव्हापासून ती आणि आई एकमेकींना कोमाद्रे म्हणतात, बहिणींहून जवळच्या.

"या, वेळेवर आलात," ती म्हणाली. "भाकऱ्या गरम आहेत."

"कोमाद्रे, पातेलं उतरव. अळंबी खराब आहे."

"भोंगा ऐकला मी! म्हणून तर निवांत आहे. आमच्याकडं तुझी आहे."

"माझीच खराब आहे."

फिदेंसिया हसली. "हॉटेलवाल्यानं जास्त भाव दिला वाटतं? मग सरळ सांग की बाई, कोमाद्रेच्या ताटातलं पळवायला आले म्हणून."

"नाबोर दवाखान्यात पडलाय."

"नाबोर रविवारी कुठं ना कुठं पडलेलाच असतो."

सुनेने वाडगा पुढे केला. फिदेंसियाने पळी भरली. मी पुढे होणार, तेवढ्यात आईने माझा हात सोडला, चाचपडत चुलीपाशी गेली आणि पळीच धरली. गरम रस्सा तिच्या मनगटावर सांडला. तिने हात हलवला नाही.

"हिच्यातली फोड उलटी कर," ती म्हणाली. "मला पिवळी दिसते. तुला कशी दिसते ते सांग."

फिदेंसियाने बघितलं. मग पळी दाराच्या उजेडात नेऊन पुन्हा बघितलं.

"पांढरी," ती म्हणाली.

"चिरताना नाही दिसलं तुला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"हिच्याकडची अळंबी कुणी उलटी करून बघतं का गं?"

पातेलं तिने स्वतः परसात नेलं, खड्डा करून पुरलं, वर दगड ठेवला. परत आली ती हात पुसत, खाली बघत. मग तिची नजर आढ्याकडे गेली. तिथे वाळवलेल्या अळंब्यांच्या माळा लटकत होत्या. गेल्या वर्षीच्या, पावासारख्या जाडजूड तपकिरी जातीच्या, आईनेच ओवून दिलेल्या.

"राग मानू नको, कोमाद्रे," ती म्हणाली. "घरात पोटुशी आहे."

"माद्रिना, त्या चांगल्या आहेत," मी म्हणाले. "त्या तर आंधळ्यालाही ओळखू येतात!"

"ओदिलिया, गप," आई म्हणाली. "स्टूल आण."

मी स्टूल आणलं आणि तिला धरून वर चढवलं. फिदेंसिया विळी शोधायला लागली, पण आईने नको म्हटलं. दोर कापला तर वाया जाईल, चांगला दोर आहे, म्हणाली. मग बोटांनी चाचपत तिने एकेक गाठ सोडली आणि एकेक माळ खाली फिदेंसियाच्या हातात दिली. सात होत्या.