कंबरेवर ठेवलेला हात

"आता जे सांगतोय ते तुमी मानणार न्हाई. कुणीच मानत न्हाई. आमच्या कर्नलसायबानं सुदिक मानलं नव्हतं, आन् त्यो तर तिथंच हुबा हुता!"

हंबीररावांनी हे सांगितलं ते भिंतीकडं तोंड करून. सांगलीतल्या त्या उपचाराच्या खोलीत त्यांच्या पाठीमागं त्यांची लेक क्रांती कुशीवर निजली होती. गुडघ्यांमध्ये एक उशी, पोटाखाली दुसरी, आणि दोन्ही मुठी आवळलेल्या. एरवी हंबीररावांनी अशी सुरुवात केली की त्यांचं सगळं कुंडल गाव हसायचं. इथं क्रांतीनं मुठी आणखी आवळल्या.

क्रांती सातव्या महिन्यात माहेरी आली होती. कंबरेच्या खालचं हाड असं धरलं होतं, की कूस बदलायची तर खाटेची कड धरून डोळ्यांत पाणी यायचं. पण नुसतं हाडाचं दुखणं असतं तर लष्करात खेचरं हाकून आलेला तिचा बाप एवढा घाबरला नसता. मागल्या खेपेला मेढ्याला, सासरी, शेजारच्या एका जाणत्या बाईनं तेल लावून तिचं पोट चोळलं होतं, आणि त्याच आठवड्यात मूल गेलं. बाळाच्या वाढीतच दोष होता, चोळण्याचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं. ते सगळ्यांना पटलं, एका क्रांतीला सोडून.

तेव्हापासून तिनं अंगाला कुणाचा हात लागू दिला नाही. डोहाळजेवणाला बायका ओटी भरायला पुढं झाल्या तर ही मागं सरकली. तांदूळ-नारळ पदरात पडायचे ते पाटावर ठेवावे लागले. आष्ट्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासायला हात पुढं केला की हिचं अंग लाकूड. शेवटी त्यांनी हंबीररावांना बाजूला घेतलं. "आबा, कळा सुरू झाल्यावर ही अशीच आखडली, तर मी हिला सोडवू कशी?"

त्यांनीच सांगलीच्या सबाकडं धाडलं होतं. सबा गरोदर बायकांचे आखडलेले सांधे नुसत्या हातानं सैल करायची. क्रांतीची आई वारलेली, जावई वीरधवल सीमेवर. म्हणून बाप सोबत. सबाकडं पहिल्यांदा आली तेव्हा क्रांती हात लागायच्या आतच उठून चपला शोधायला लागली होती.

"पोटाला मी हात लावणार नाही," सबा म्हणाली. "फक्त मागं, कपड्यांवरूनच. तुम्ही 'बास' म्हणालात की बास."

 क्रांतीचा बारीक आवाज आला. "ठेवा."

हंबीररावांना गप्प बसवेना म्हणून त्यांनी गोष्ट पुढं रेटली. "तर, चंपा नावाचं खेचर हुतं आमच्याकडं. लय गुणाचं. खिंडीच्या तोंडाशी आलं आन् बसलं की खाली! कर्नलसायेब म्हनला, 'हंबीर, उठाव इसको.' मी म्हनलं, 'सायेब, तिची पाठ धरलीया. वझं तुमी घ्या.' आन् गड्यानं घेतलं की पाठीवर! दोन पेट्या!"

"बास!" क्रांती ओरडली.

हंबीररावांनी डोळे मिटून घेतले. आता चपला, आता परत गाडी.

"काढला बघा हात," सबा शांतपणे म्हणाली. "इथं उभी आहे मी. लांब."

 मेढ्याच्या त्या बाईला पण क्रांती बास म्हणाली होती, हे हंबीररावांना ठाऊक होतं. त्या बाईनं 'थांब गं, थोडंच ऱ्हायलंय' म्हणत चोळणं चालूच ठेवलं होतं.

"काढला व्हय खरंच?" क्रांतीनं विचारलं.

"खरंच."

"...ठेवा परत."

हंबीररावांनी मागं वळून पाहिलं नाही. लेकीचा श्वास ऐकला. आधी आखूड, दातांतून. मग जरा लांब. मग पोटातून आल्यासारखा. तसं त्यांनी गोष्टीला मोठी टाच मारली.

"मग मीबी चंपाच्या पाठीवर निस्ता हात ठिवला. दाबलं न्हाई, वडलं न्हाई. आन् तवा कळलं की वो, ती का चढंना ते. गाभण हुती!"

"अगंबाई! मग?" सबानं विचारलं.

"मग काय! चालली माज्या हाताच्या आधारानं. खिंडीच्या टोकाला ग्येली आन् बर्फातच याली. जुळी! दोनीबी खेचरं, बापागत उंच..."

"आवं आबा!"

मागून आलेला आवाज झोपाळलेला होता, पण ठणठणीत.

"खेचर कवा गाभण ऱ्हातंय व्हय? सबाताई, धडधडीत खोटं सांगाय लागल्यात आमचं आबा. आन् तुमी हसताना हात काढू नगा."