खूण नसलेल्या गोळ्या

जाफराबादजवळच्या एका शेडनेटमध्ये माझ्या हाताखाली अकरा जणी टोमॅटोचं क्रॉसिंग करतात आणि माझ्या तोंडाला सगळ्या घाबरतात. घाबरायलाच पाहिजे. संध्याकाळी फुलातला नराचा भाग चिमट्यानं काढायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलाला दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा आणि लगेच फुलामागची दोन हिरवी पाती कात्रीनं कापायची. ती खूण. खूण नसलेलं फळ बियाण्याला चालत नाही, मी सरळ फेकून देते. कोणाचं रडगाणं ऐकत नाही.

त्या दिवशी राजनंदिनी सकाळी सातलाच पोट धरून खाली बसली. वीस वर्षांची पोर, कामाला नवी, पण हात चांगला चालायचा. पाळीचा पहिला दिवस होता. आदल्या संध्याकाळी तिनं दोन ओळींतली फुलं तयार करून ठेवली होती. आज पराग लागला नाही तर सगळी वाया.

"दैवशालामावशी, घरी जाऊ का? लई दुखून राह्यलं."

"फुलं थांबणारेत का तुह्यासाठी? ही घे, जल्दी गीळ."

गोळ्या माझ्या कमरेच्या बटव्यात कायम असतात. सगळ्या जणी माझ्याकडूनच घेतात आणि खोटं कशाला बोलू, त्याचा मला तोरा होता. अख्खं पाकीट बटव्यात मावत नाही म्हणून खूण करायच्या कात्रीनंच मी एकेक गोळी सुटी कापून ठेवायची. गुलाबी पाळीला, पिवळी कमरेला, एवढाच माझा अभ्यास.

नऊ वाजता ती पुन्हा वाकली. मला तिच्या दोन ओळी दिसत होत्या, ती दिसत नव्हती. मी पिवळीही दिली. तिनं पाण्याबरोबर गिळली. डबा अजून उघडलाही नव्हता तिनं.

थोड्या वेळानं तिच्या ओळीतून बारीक शिट्टी ऐकू आली. कोणाचा तरी मोबाइल असेल म्हणून मी ओरडायला गेले, तर ती झाडांमध्ये बसलेली, खांदे वरखाली होताहेत आणि शिट्टी तिच्या छातीतून येतेय.

"दमा..." एवढंच बोलली.

मालक सर्जेरावांनी जीप काढली. रस्ता पंधरा मिनिटांचा, पण संपेचना. मी खिडकी उघडायची, धूळ आली की लावायची, पुन्हा उघडायची. तिची पाठ चोळायची, मध्येच थांबून तिचा श्वास ऐकायची. हिचं काही बरंवाईट झालं तर हिच्या आईला कोणत्या तोंडानं सांगू?

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तिला वाफेच्या मशीनला लावलं आणि मला विचारलं, "कोणती गोळी दिलीत?"

"गुलाबी. मंग पिवळी."

"नाव काय गोळीचं?"

मी बटवा टेबलावर उपडा केला. सुटे तुकडेच तुकडे पडले. एकावरही नाव नाही, तारीख नाही. सगळं कात्रीखाली गेलं होतं. काल कोणत्या ओळीत कोणी किती फुलं केली हे मी झोपेतही सांगितलं असतं. या पोरीच्या पोटात काय घातलं, ते मात्र मला सांगता येईना.

बसवेना म्हणून मी दारात गेले, परत आले, पुन्हा गेले. अर्ध्या तासानं शिट्टी हळूहळू थांबली. मला रडूच फुटलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "दमा असलेल्या काही जणांना दुखण्याच्या काही गोळ्या अजिबात सोसत नाहीत. आणि रंग वेगळे असले तरी दोन्ही एकाच जातीच्या असू शकतात, एकावर दुसरी द्यायची नसते. त्यात ही उपाशी. हिला चालेल ते मी लिहून देते. तोवर गरम पाण्याच्या पिशवीनं शेका."

भीती उतरली की मला राग येतो.

"दमा हाये तर आधी सांगायचं न्हाई का गं मला?"

राजनंदिनी पार गळून गेली होती, पण माझ्या तोंडाला त्या दिवशी घाबरली नाही.

"तुम्ही इचारलंच कुठं, मावशी?"

मी टेबलावरचे तुकडे एकेक करून वेचले आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. खूण नव्हती त्यांना.