कोपीचं दार झालेला फळा

ते दोन हजार चौदा साल होतं. मित्रांनो, मी तेव्हाही जुनाच होतो. मी एक गुंडाळी फळा आहे. जाड कापडाला काळा रंग आणि वर-खाली एकेक लाकडी दांडी. पाटोद्याजवळच्या शाळेत मी इंग्रजीच्या तासाला लटकायचो. पुढे भिंतीवर नवा फळा आला आणि मी कपाटामागे गेलो.

दिवाळीनंतर दहावीतली वनमाला आईबापांबरोबर ऊसतोडीला निघाली. सहामाहीला ती इंग्रजीत नापास झाली होती. बाप सिदू म्हणाला होता, "मार्चमधी पास झालीस तर शीक. न्हाई तर पुढच्या साली कोयता घे."

शाळेतल्या दीपमालाबाईंनी धूळ झटकून मला तिच्या हाती दिलं. "रोज एक शब्द लिही आणि कुणाला तरी समजावून सांग. मग तो तुझा होईल."

फडाशेजारी उसाच्या पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, उभी राहिली. तिला दार नव्हतं. वनमालाच्या आईनं, छबुबाईनं, मलाच तिथं टांगलं. पहिल्या दिवशी कोयत्यांना हळदकुंकू वाहिलं, तसं माझ्याही कोपऱ्याला लावलं.

पहाटे सगळं धुक्यात विरघळायचं. बैल, गाड्या, माणसं. माझ्यावरची खडूची अक्षरं तेवढी तरंगत राहायची. येणारं-जाणारं कुणीही थांबायचं.

एकदा वनमालानं 'कोल्ड फीट' लिहिलं.

"म्हंजी काय गं?" मुकादम बंकटनं विचारलं.

"गार पाय, काका."

"हात्तिच्या! ते तर आमचे रोजच हायेत. त्याला साळा कावून लागती?"

"तसं न्हाई. पोटात कावळे वरडतात म्हणतो, तवा पोटात कावळा असतो का? तसंच हे. ऐन वक्ताला धीर सुटून माघार घेतली, की असं म्हणायचं."

बंकट सिदूकडे वळला. "काय बे सिदू, लग्नाच्या मांडवातून पळत हुतास, तेच ना हे?"

छबुबाई तोंडाला पदर लावून हसली.

परीक्षेसाठी गावाकडं जाणारा टेम्पो आला, तेव्हा हवेत अजून गारठा होता. वनमाला बोचकं घेऊन कोपीतच बसून राहिली.

"माय, मी न्हाई जात. काईच आठवंना."

छबुबाईनं माझ्या दोऱ्या सोडल्या, मला गुंडाळलं आणि लेकीच्या मांडीवर ठेवलं. वारा आत शिरला. चुलीतली राख उडाली.

"माय, दार?"

"आमी बघतो. तू ऊठ."

वनमाला उठली.

ती काठावर पास झाली. सिदूनं शब्द पाळला. तो आणि छबुबाई आता गावातच शेळ्या राखतात. बंकटनं मुकादमी सोडून सिरसाळ्याला चहाचं हॉटेल टाकलं. दीपमालाबाई निवृत्त होऊन बीडला लेकाकडे असतात. वनमाला आष्टीकडे इंग्रजी शिकवते आणि मी तिच्याच वर्गात आहे.

मित्रांनो, माझा रंग उडाला आहे, काठ उसवले आहेत. मला ओल्या फडक्यानं पुसू नका. माझ्यावरून शिकाल ते मात्र कुणाला तरी सांगत जा. कोपऱ्यातला हळदीचा डाग वनमाला कुणाला पुसू देत नाही. दर वर्षी पहिल्या तासाला ती माझ्यावर 'डोअर' एवढंच लिहिते.

"दार," ती सांगते. "माझ्या आईनं माझ्यासाठी काढून दिलं होतं ते."