एक जोड कुड्या, तीन चोर

त्या दुपारी कॉलनीतल्या चौदाही बंगल्यांची माणसं इंजिनियर गिरिधरपंतांच्या व्हरांड्यात लोटली होती. खुर्च्यांवर साहेब, सतरंजीवर त्यांच्या बायका आणि पायरीखाली उन्हात कामवाल्या. असं बसा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. नागपूरच्या सरकारी कॉलनीत ते सांगावं लागत नसे. मधोमध पाटावर हरिद्रानंद महाराज विराजमान होते आणि त्यांच्यापुढे ताटात एक ओलं, पिवळंधमक फडकं पसरलं होतं. त्याचं नाव सत्यवस्त्र.

"पापी हात लागला की हे वस्त्र रक्त ओकतं!" महाराज गरजले. "पोलीस नको, वकील नको, तारीख नको! इथं निकाल हातोहात!"

खटला कुड्यांचा होता. गिरिधरपंतांच्या पत्नी चारुशीलाबाई यांच्या मोत्याच्या कुड्या तीन दिवसांपासून सापडत नव्हत्या. बंगल्यामागच्या खोलीत अकरा वर्षं राहून घरकाम करणाऱ्या प्रयागबाईला साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, वस्त्र लाल झालं तर संध्याकाळच्या आत खोली रिकामी करायची. वस्त्र कोणाच्या हातानं लाल होणार, हे साहेबांना आधीच कळलं होतं म्हणायचं!

पहिला मान अर्थातच बंगल्यातल्या बायकांचा. चौघींनी एकेक करून तळवा टेकवला. फडकं पिवळंच राहिलं आणि "पुण्यवान हात!" म्हणून टाळ्या पडल्या. मग गिरिधरपंतांकडे कामाला असलेल्या प्रयागबाई, रुख्मिणी आणि जयवंता या तिघींचा नंबर आला. मागच्या नळावर चादरींचा ढीग धुवायला घेतला होता, तिथून या तिघींना नुकतंच बोलावलेलं. रुख्मिणी हात खळबळायला निघाली तर महाराज ओरडले, "धुवायचं नाही! पाप धुऊन टाकता काय?"

प्रयागबाईनं हात ठेवला. उचलला तर पाची बोटं लालभडक उमटलेली. रुख्मिणीचीही तशीच, जयवंताचीही तशीच.

"चोर! तिघी चोर!" चारुशीलाबाई किंचाळल्या. कुड्यांचा जोड एक आणि चोर तीन. हे गणित चुकतंय असं तिथल्या एकाही इंजिनियरला वाटलं नाही. "संगनमत आहे," गिरिधरपंतांनी निदान केलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

 क्षणभर प्रयागबाईला स्वतःचीच शंका आली, आपल्या हातून काही झालं तर नसेल? अकरा वर्षं मान खाली घालून वावरलं की साहेब म्हणेल ते खरं वाटायला लागतं. मान खाली होती म्हणूनच तिची नजर फडक्यावर खिळली, आणि तो लाल रंग तिला ओळखीचा वाटला.

"हे तं हळद हाये जी," ती पुटपुटली.

"गप्प बस!" साहेब म्हणाले.

"लग्नसराईत हळदीचे कपडे धुतो ना आमी. सोडा लागला का अशेच लाल होते. पाप काहून शोधून राहिले तुमी? आमच्या हाताले तुमच्याच चादरीचा सोडा हाये."

"बघा, पाप कसं बोलू लागलं!" महाराज हसले.

"मंग बाईसाहेब, माह्या बालटीत एकडाव हात बुडवा, अन् ठेवा फडक्यावर."

चारुशीलाबाईंनी हात पदराखाली घेतले. कामवालीच्या बादलीत, त्या मळक्या पाण्यात, चारचौघांसमोर हात घालायचा? चौदा बंगल्यांतून एक हात पुढे येईना. महाराजांना मंत्रतंत्राची गरजच नव्हती. बादलीला हात लावणं साहेबांच्या बायकांना शोभत नव्हतं, आणि जिची बादली तिनं तोंड उघडणं कोणाला खपत नव्हतं. एवढ्यावर त्यांचा धंदा बिनघोर चालला होता.

तेवढ्यात तारा उठली. ही गिरिधरपंतांची धाकटी बहीण, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं नळावर जाऊन बादलीत कोपरापर्यंत हात बुडवला आणि परत येऊन तळवा फडक्यावर दाबला. लालभडक!

"दादा, मग मीही चोर?"

"पाप घरातच आहे!" महाराज घाईनं म्हणाले.

"तोंड सांभाळा!" गिरिधरपंत उखडले. "हा काय पुरावा झाला?" पाच मिनिटांपूर्वी तिघींना चोर ठरवायला हाच पुरावा पुरला होता.

तारानं स्वयंपाकघरातून लिंबू आणून त्या लाल पंजावर पिळलं. तो पुन्हा पिवळा झाला. "हळदीला सोडा, साबण, चुना लागला की ती लाल होते, आंबट लागलं की परत पिवळी. म्हणून तर महाराजांनी यांना हात धुऊ दिले नाहीत. या फडक्याला चोर कळत नाही, दादा. धुणं कोणी धुतलं, तेवढंच कळतं."

महाराजांनी फडकं गुंडाळलं आणि फाटक गाठलं. "झालं ते झालं," गिरिधरपंत म्हणाले. "जा, चादरी उरका."

प्रयागबाई पायरीवर चढली आणि सतरंजीवर बसली.  "नाई जी. चोर सगळ्यायसमोर म्हटलं. चोर नाई, हेबी सगळ्यायसमोर म्हणा. मंग उठतो."

रुख्मिणी आणि जयवंता तिच्या शेजारी येऊन बसल्या.  शेवटी चारुशीलाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "प्रयागबाई चोर नाही."

"मोठ्यानं म्हणा, बाईसाहेब. अन् तिघींचं नाव घ्या."

त्यांनी घेतलं.

कुड्या कोणी घेतल्या ते अजून कळलेलं नाही. नाही कळलं तर 'नाही कळलं' म्हणावं, त्यात कमीपणा नाही. पण उद्या तुमच्या दारात असा कोणी महाराज आला, तर मंडळी, आधी कामवालीच्या बादलीत आपला हात बुडवून पाहा, आणि मग काय ते बोला.