गावपळणीतली पाहणी

नर्मदाकाकींना संशय यायला एरवीही फारसं कारण लागत नसे. मासेवालीने एक बांगडा वर घातला तरी त्या त्याचे कल्ले उचकटून बघत. त्यामुळे शेजारच्या कलमांच्या तुकड्याचा शेतीचा वापर बदलून तिथे बर्फाचा कारखाना काढायचा अर्ज झालाय, अशी नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली तेव्हा त्यांनी आधी त्या जमीनवाल्याला आतून सामील असलेला गावातला फितूर कोण ते शोधायला घेतलं.

यंत्र बसणार होतं त्यांच्या विहिरीपासून पंधरा पावलांवर. दिवसरात्र धडधड, शिवाय तो अमोनिया. गॅस सुटला तर घर टाकून पळायचं, आणि पळून जायचं कुठे? नवरा गेल्यापासून त्या घराबाहेर त्यांचं दुसरं काही नव्हतं.

संशय पहिल्याच दिवशी भिकाजीवर जाऊन बसला. पलीकडचाच शेजारी, पण हल्ली नजर चुकवायचा.

"आये, तोच असतलो," त्यांचा मुलगा अजय म्हणाला. मुंबईची नोकरी सुटल्यापासून तो दोन वर्षं घरीच होता. "तेचो भाचो त्या जमीनवाल्याकडे कामाक आसा मा? आणि गावपळणीत, सगळो गाव वेशीभायर आसताना, दुसऱ्या दिशी, दोन तास खंय गेल्लो, इचार तेका."

काकींनी विहिरीवर गाठून विचारलंच. भिकाजी कानकोंडा झाला. "वयनी, माका मुळव्याध आसा. मिठबावात डॉक्टराकडे गेल्लंय. आता ता पण सगळ्यांका सांगू काय?"

काकींचा विश्वास बसला नाही. त्या दिवसापासून त्यांनी परसातून त्याच्याकडे जाणारं बेडं, म्हणजे कुंपणातली वाट, काट्या लावून बंद केलं. भिकाजीची बायको दोनदा तिथवर येऊन परत गेली, तरी काकींनी मान वर केली नाही.

कारखान्याविरुद्ध हरकत नोंदवायच्या शेवटच्या दिवशी अजयनेच त्यांना स्कूटरवरून तालुक्याच्या कचेरीत नेलं. आत मात्र आला नाही. "तू जा, मी हयच थांबतंय."

कारकुनाने फाइल पुढे सरकवली. "बाई, कारण भक्कम लिहा. स्थळपाहणीचा अहवाल तुमच्या विरुद्ध आहे."

काकी चष्मा लावून वाचू लागल्या. 'लगतच्या घरांना कुलपे. माणसे, गुरे आढळली नाहीत. घरे वापरात नसावीत.' त्यांना हसूच आलं. मग तारीख दिसली आणि हसू गेलं. गावपळणीचा दुसरा दिवस.

देवाचा कौल झाला की तीन दिवस सगळा गाव माणसं, गुरं, कोंबड्यांसकट वेशीबाहेर राहुट्यांत जातो. त्या दिवसांत परतून वेशीच्या आत पाऊल टाकणं म्हणजे देवाशी बेइमानी. पाहणीला आलेल्या साहेबाला हे कुठून ठाऊक असणार? पण त्याला नेमक्या त्याच दिवशी आणणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. भिकाजी! बरा सापडला. काकींनी अधीरपणे पान उलटलं.

पंचाची सही अजयची होती.

त्यांनी ती दोनदा वाचली. शाळेत असल्यापासून तो 'अ'ला अशीच लांब शेपटी काढायचा. त्याच दिवशी राहुट्यांतून मोबाईल चार्ज करायला जातो म्हणून तो गेला होता, आणि दोन तास त्यांनी त्याचं जेवण झाकून ठेवलं होतं. तेव्हा मात्र त्यांना काही विचारावंसं वाटलं नव्हतं. सगळ्या गावावर संशय घेणारी बाई, आणि पोटच्या पोरापाशी आंधळी. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

अजय दारात येऊन उभा होता. त्यांच्या चेहऱ्यावरूनच त्याला कळलं.

"माका थंय सुपरवायझर करतत, आये," तो हळूच म्हणाला. "आणि ता तारखेचा लिहू नको. गावात माका तोंड दाखवूक जागा रवाची नाय."

"आणि भिकाजीक रवली काय?"



"लिहिताय ना, बाई?" कारकुनाने घड्याळाकडे बघत विचारलं. "तारखेचा मुद्दा नसेल तर हरकत टिकणार नाही."

काकींनी पेन मागून घेतलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

'पाहणीच्या दिवशी आमचा गाव देवाच्या कौलाने रिकामा होता. घर वापरात नाही, या अहवालावर सही करणारा पंच माझा मुलगा आहे. तो त्याच घरात राहतो आणि रोज माझ्या हातचं जेवतो.'