तांब्या ठेवायचा राहिला

“अरे फुंक की जोरानं! भाकरी खाऊन आलास का न्हाई?”

आश्रुबाच्या ओसरीवर सकाळपासून नुसती जत्रा भरली होती. मधोमध मातकट रंगाची एक लांबरुंद रबरी पिशवी पसरलेली आणि तिच्या तोंडाला तोंड लावून म्हाळू धनगर बसलेला. त्याचे गाल टम्म फुगलेले, डोळे बाहेर यायच्या बेतात. ही हवेची गादी. आश्रुबाचा लेक बबनराव हैद्राबादेत एका वकिलाकडं मुनशी होता, त्यानं बापासाठी आणलेली. हवा भरायचा भाता येताना गाडीतच राहिला, म्हणून सिरसाळ्याचे गडी आळीपाळीनं फुंकत होते. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

दगडू पिंजारी पायरीशी उभा राहून हे सगळं पाहत होता. म्हाळूनं दम खायला तोंड काढलं आणि त्याची नजर नेमकी दगडूवर गेली.

“दगडूभाई, कापूस सोडा आता. उद्यापासून हवाच पिंजा!”

ओसरी खो खो हसली. दगडूही हसला. न हसून सांगतो कोणाला? पण आत काहीतरी चरचरलं ते चरचरलंच. आज्यापासून गावात त्यांच्या घरचीच कापूस पिंजायची कमान वाजत आलेली. तिच्या ताणलेल्या दोरीचा, तातीचा, आवाज गल्लीत घुमला की पोरंबाळं म्हणायची, कुणाच्या तरी घरी लगीन निघालं. आणि दगडूची गादी म्हणजे काय चेष्टा होती का? बापानं घालून दिलेली रीत होती. नवी गादी गिऱ्हाइकाच्या घरात अंथरली की मधोमध पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायचा आणि घरच्या धन्यानं एका कडेला बसायचं. थेंब सांडला तर गादी उसवायची, पुन्हा पिंजायची, पुन्हा भरायची. चाळीस वर्षांत दगडूनं तांब्या ठेवल्याशिवाय एकही गादी कोणाला दिली नव्हती. थेंब सांडला तो दोनदाच, आणि दोन्ही वेळा कोणी काही बोलायच्या आत त्यानं स्वतःच दाभण काढलं होतं.

पण आश्रुबापुढं ही सगळी कारागिरी थिटी पडली होती, हेही खरं. संक्रांतीला ओढ्यात गाडी उलटली आणि पहिलवानी अंगाचा हा गडी कंबरेपासून लुळा पडला. दोन महिने उताणा. माकडहाडाशी जखम पडली, ती वाढत तळहाताएवढी झाली. कुशीवर केलं की कळ मस्तकात जायची. झोप म्हणून नाही. दगडूनं एकामागं एक तीन गाद्या करून दिल्या होत्या, नुसता फुलासारखा पिंजलेला कापूस. दोन दिवसांत तो बसायचा आणि आश्रुबा दात खाऊन ओरडायचा, “दगड्या, ही गादी हाय का खळं बे?”

दोघं एका वयाचे. लहानपणी एकाच ओढ्यात डुंबलेले. आश्रुबाच्या रानातला कापूस दगडूच्या कमानीखालून जायचा तो मिसरूड फुटल्यापासूनचा. अरे-तुरेशिवाय त्यांचं बोलणं नव्हतंच.

चौघांनी आश्रुबाला उचलून हवेच्या गादीवर ठेवलं. गादी कुरकुरली, हलली. आश्रुबानं डोळे मिटले आणि घटकाभरात तो चक्क घोरायला लागला. केशरबाईंनी, त्याच्या बायकोनं, देवापुढं साखर ठेवली. ओसरीवरची माणसं पाय न वाजवता निघून गेली.

दगडू घरी आला. दोस्ताला झोप लागली याचा आनंद होताच, अगदी मनापासून होता. पण ती आपल्या गादीवर लागली नाही हे दुःखही तेवढंच मोठं होतं. दोन्ही एकदम छातीत मावेनात, तेव्हा त्यानं कमान खुंटीवर टांगली आणि त्या दिवशी काम केलं नाही.

पण फाल्गुन सरला आणि बालाघाटाचं ऊन काय चीज असतं ते रबराला कळलं. गादी तापायला लागली. आश्रुबाच्या पाठीखाली घामाचं तळं व्हायचं, वर कितीही सुती पासोडी घाला. कोरडी पडत आलेली जखम पुन्हा चिघळली, शेजारी आणखी एक झाली. वैद्य येऊन गेले आणि बाहेर ओसरीवर बबनरावाशी हळू आवाजात बोलले. आत झोपलेल्याला ते ऐकू जातं, हे अशा लोकांना कधी कळायचं?

दुसऱ्या दिवशी दगडू आला तेव्हा आश्रुबा आढ्याकडं बघत पडला होता.

“जखम वाळली न्हाई तर मी पावसाळा बघत न्हाई म्हनं,” तो म्हणाला. “मरायचं तर मरू बे. पन एकडाव पोटभर झोपून मरू दे. लई दिस झाले, दगड्या.”

एवढा थोराड गडी, त्याचा आवाज फाटला. दगडूनं वाकून त्याच्या पाठीखालचं रबर तळहातानं दाबून पाहिलं. मग तो केशरबाईंना म्हणाला, “वैनी, याला जरा खाली सतरंजीवर घ्या. मला या रबरावर निजायचंय.”

“तुमाला? कावून?”

“या मुलखात नवीन पिंजारी आलाय. बघू तरी काय काम करतो.”

आणि साठीचा दगडू पिंजारी भर दुपारी त्या रबरावर आडवा झाला. म्हाळू दारातनं डोकावला, हसणार होता, पण दगडूचा चेहरा बघून गप बसला. दगडूनं कंबर दाबली, टाच दाबली, कोपर दाबलं. जिथं भार द्यावा तिथली हवा पळून शेजारी जायची आणि शेजारून अंग उचलून धरायची. कापूस बसतो, ही बसत नाही. जिथं दुखतं तिथनं ही बाजूला होते. एवढीच तिची विद्या. पण ही श्वास घेत नाही, आणि कापूस घेतो. तासाभरानं दगडू उठला तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता आणि डोकं मात्र लख्ख झालं होतं.

डोंगराच्या अंगाला सावरीची झाडं होती. त्यांची बोंडं नुकतीच उकलायला लागली होती. दगडूनं चार दिवस काठीनं बोंडं पाडली, दोन पोती भरली. सावरीचा कापूस म्हणजे नाजूक काम. त्याला तात लावली की तो घरभर उडतो. म्हणून दारंखिडक्या बंद, फटींना ओली फडकी, आणि वैशाखाच्या उकाड्यात आत एकटा दगडू, बोटांनी एकेक बी वेगळं काढत बसलेला. बाहेर यायचा तेव्हा दाढी, भुवया, कान सगळं पांढरं. बायको रसूलबी म्हणाली, “अजी, तुमीच गादी होऊन जाल एक दिस.”

खोळ मात्र त्यानं एक शिवली नाही. बारा शिवल्या. आठ बोटं रुंद, खाटेच्या रुंदीएवढ्या लांब. प्रत्येकीत सावरी भरली आणि टोकांना बंद लावले. एकीला एक बांधली की अख्खी गादी. आणि जखमेखालची एक काढून घेतली की तिथं पोकळी, भार दोन्ही बाजूंच्या उश्यांवर. उद्या दुसरी जागा लाल झाली तर तिथली काढायची.

हे लिहायला सोपं आहे. पण पिंजाऱ्यानं गादीत जाणून खड्डा ठेवायचा म्हणजे काय, ते पिंजाऱ्यालाच विचारा. बाप असता तर त्यानं तात छेडायची लाकडी मोगरीच फेकून मारली असती. दगडू त्या बारा उश्या डोक्यावर घेऊन निघाला तेव्हा वेशीत म्हाळूनं विचारलंच, “दगडूभाई, गादीत भोक ठिवलंय म्हनं?”

“ठिवलंय,” दगडू म्हणाला. “माज्या हातानं मोजून ठिवलंय.” आणि पुढं चालू लागला.

खाटेवर उश्या बांधल्या, मधली सातवी काढली, वर केशरबाईंचं जुनं मऊसूत लुगडं अंथरलं. आश्रुबाला ठेवलं. तो श्वास रोखून कळ यायची वाट बघत राहिला. कळ येईना. त्यानं हळूच एक हात खाली घातला, पोकळी चाचपली आणि त्याच्या मिशा हलल्या.

“दगड्या, तांब्या कुठाय बे?”

दगडूनं मान खाली घातली. “हिच्यावर न्हाई ऱ्हानार तांब्या. खड्ड्यात जाईल.”

“म्हंजी गादी पास न्हाई?”

“न्हाई.”

“चाळीस साल हाय का न्हाई तुजी रीत? मग माज्यासाठी मोडतोस व्हय?”

“मोडतो.”

दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं आणि दोघंही ते दुसऱ्याचं आहे असं दाखवत होते. “मोडू नको,” आश्रुबा म्हणाला. “उधार ऱ्हाऊ दे. मी उठलो की ती सातवी उशी घाल, अन् मग ठिव तांब्या. कडेला मी बसतो.”

“बरं.”

“केशर, ध्यानात ठिव गं. तांब्या बाकी हाय,” असं म्हणत म्हणतच त्याला झोप लागली. दिवस मावळेपर्यंत तो हलला नाही.

केशरबाई रोज उशी बदलायच्या, उन्हात घालायच्या. जखमा हळूहळू कोरड्या पडल्या. आश्रुबानं मृग पाहिला, पेरणी पाहिली, श्रावणात खाटेवर बसून लोकांना शिव्या देण्याइतकी ताकद त्याला आली. लिंबागणेशहून एकजण आपल्या लुळ्या भावासाठी तसलीच गादी मागायला आला, तेव्हा आश्रुबानं त्याला घटकाभर बसवून दगडूचं कवतिक ऐकवलं. वर म्हणाला, “पन अजून पास न्हाई झाली, बरं का.”

पण पाय काही उठले नाहीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी पहाटे ताप चढला आणि दुपारी सगळं उरकलं. रीतीप्रमाणं शेवटच्या घटकेला त्याला खाटेवरून खाली, सारवलेल्या जमिनीवर घेतलं होतं. गेला तो शांत गेला. पाठीवर एकही ओली जखम नव्हती, हे आंघोळ घालणाऱ्यांनी पाहिलं आणि बाहेर येऊन सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मयताचं अंथरूण ओढ्यापलीकडं टाकायचं होतं. बबनराव गडी घेऊन उभा होता. तेवढ्यात दगडू आला. हातात रिकामा तांब्या होता, बापाच्या वेळचा, तांब्याचाच, काठाला पोचे आलेला.

“बबन, जरा दम धर.”

त्यानं अंगणात सतरंजी पसरली. बारा उश्या ओळीनं मांडल्या. सातवी तिच्या जागी घातली. गुडघ्यावर बसून एकेक बंद बांधला, आणि तळहातानं सगळी गादी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चाचपली. चार महिने माणसाचा भार वाहिलेली सावरी, पण कुठं गाठ नाही, कुठं बसलेली नाही. केशरबाई आतून उठून आल्या. त्यांनी त्याच्याजवळचा तांब्या घेतला, आपल्या रांजणातून काठोकाठ भरून आणला आणि त्याच्या हातात दिला.

दगडूनं तो गादीच्या मधोमध ठेवला. कडेला धन्यानं बसायचं असतं. केशरबाई पुढं झाल्या आणि आश्रुबाच्या जागी टेकल्या.

अंगणात वीस-पंचवीस माणसं होती. म्हाळूनं मुंडासं काढून काखेत धरलं होतं. तांब्यातलं पाणी एकदा हललं आणि थांबलं. दगडू पाठ ताठ करून उभा होता. त्यानं सगळ्यांना बघू दिलं, पोटभर बघू दिलं. मग वाकून तांब्या उचलला. खाली गादीवर ओलीचा डागही नव्हता.

“आता न्या,” तो म्हणाला.